गेटवरची पंगत

"या रविवारी खुर्च्या कमी पडतील, लिहून घ्या," प्रणीतने चर्चच्या पाळकांना छातीठोक सांगितलं. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी मराठी उपासना मूठभर माणसांवर आली होती. ती चालू ठेवायची की इंग्रजी उपासनेत मिसळून टाकायची, हे ठरवायला रविवारी बिशपसाहेब यायचे होते. ती बंद होण्याची कल्पनाच प्रणीतला सहन होत नव्हती. नगरहून आल्यापासून तो आठवडाभर हिंदी-इंग्रजीत बोलायचा. आईच्या भाषेत प्रार्थना करायला हीच एक जागा उरली होती.

तो जाहिरात कंपनीत चित्रं करायचा. कबुतर, मेंढरू आणि सोनेरी किरणं बघून आजकाल सिग्नलला अडकलेला माणूससुद्धा मान वळवत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने प्रभूचं शेवटचं भोजन नव्याने रंगवलं. येशू खादीच्या कुडत्यात, शिष्यांच्या गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, एकाच्या मांडीवर हेल्मेट. मेजावर ज्वारीची भाकरी, ठेचा, वाफाळतं पिठलं. वर भलीमोठी अक्षरं: 'या, जेवायला बसा.' खाली रविवारची वेळ. 'मराठी ख्रिस्ती उपासना' हे त्याने कोपऱ्यात अगदी बारीक टाकलं, कारण जास्त मजकुराने चित्र मरतं.

गेटवर फलक लागला तेव्हा मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ, बोलताना मधेच कानडी शब्द पेरणाऱ्या कस्तुराबाई त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "तम्मा, प्रभूच्या गळ्यात ते ऑफिसचं कार्ड नाही घातलंस, तेवढं बरं केलंस," म्हणाल्या. प्रणीतने ती शाबासकी समजली.

रविवारी हॉल खरंच भरला. सगळी अनोळखी तरुण पोरं, आणि शहाण्यासारखी हात धुऊन आलेली. गीत सुरू होताच उभी राहिली, प्रार्थनेला माना खाली घातल्या. प्रणीतचा ऊर भरून आला. प्रवचन रंगात आलं तसा शेजारचा श्रीहर्ष नावाचा सोलापूरकर त्याच्याकडे वाकला आणि अदबीने म्हणाला, "दादा, पहिली पंगत कधी बसते?"

आत्ता कुठे प्रणीतच्या डोक्यात प्रकाश पडला. परिसरातली झाडून सगळी मराठी पोरं नवी खानावळ उघडली समजून आली होती! बाहेर आणखी रांग होती, तीही डबे घेऊन. तो धावत कस्तुराबाईंकडे गेला. पुढे जाऊन सगळ्यांची माफी मागतो आणि त्यांना जायला सांगतो, म्हणाला.

"जेवायला बोलावून उपाशी पाठवतोस होय? चल, पीठ मळ."

हॉलमागच्या स्वयंपाकघरात तवे चढले. पाळकांना प्रवचन लांबवायची खूण केली. हे काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपणहून सांगत होतं. बिशपसाहेब पंगतीला मांडी घालून बसले, पिठलं पुन्हा मागून घेतलं, आणि एवढी मंडळी असताना ही उपासना बंद कशी करणार, म्हणाले. प्रणीतचा जीव भांड्यात पडला.

तरी कलावंताला राहवेना. पिठाचे हात घेऊन तो श्रीहर्षपुढे उभा राहिला आणि चित्र कसं वाटलं, म्हणून विचारलं.

"भाकरी एकदम खरी, दादा. पण ते मधे बसलेले मालक कुठे दिसले नाहीत?"

कस्तुराबाईंनी श्रीहर्षच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि त्याच्यासमोर बसकण मारली.

"त्यांनीच बोलावलंय तुला. स्वल्प सावकाश जेव, सांगते."

श्रीहर्ष कान देऊन ऐकू लागला. त्या काय सांगतात ते ऐकायची प्रणीतलाही फार इच्छा होती, पण तव्यावर भाकरी करपायला लागली होती.