भुतांच्या सहलीचा शेवटचा थांबा

सहलीच्या पहिल्याच थांब्यावर भूत नव्हतं, दातांचा दवाखाना होता.

"ही पाहा ती पडकी गिरणी," असं म्हणायला गाईडने हात वर केला होता, तो तसाच राहिला. गिरणी पाडून तिथे गुलाबी रंगाची दुमजली इमारत उभी केली होती आणि पाटीवर एक भलामोठा दात हसत होता. बसमधले सगळे प्रवासी खिडक्यांतून त्या दाताकडे बघू लागले.

पहिल्या सीटवर एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी कान टवकारले. "काय रे, इथे किंचाळ्या ऐकू येतात म्हणालास ना?"

"हो, बाई."

"येतायत."

गाईडचा हा पहिलाच दिवस. कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच बसून होता. आसपासची झपाटलेली ठिकाणं एका दुपारात दाखवायची, ही सहल त्यानेच सहल कंपनीच्या मालकांना सुचवली होती, तीही काकांच्या गोष्टींच्या भरवशावर. काका वायरमन होते. दिवसभर विजेचे खांब उभे करत हिंडायचे आणि संध्याकाळी एक नवं भूत घेऊन घरी यायचे. त्या काळी दिवे कमी आणि भुतं पुष्कळ, वळणावळणाला एकेक. आता काकाही राहिले नव्हते. मधल्या काळात त्या जागांचं काय झालं, हे आधी जाऊन बघावं, असं गाईडला सुचलंच नाही. काकांनी जिथे जिथे दिवा लावला, तिथून भुतांनी बिऱ्हाड हलवलं असणार, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मालकांनी निघतानाच बजावलं होतं, "परत आल्यावर मी स्वतः एकेकाला विचारणार, भूत दिसलं का म्हणून. नाही म्हणाले तर सहल बंद आणि तूही घरी."

दुसरा थांबा पुलावर होता. "या पुलावर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई गाड्यांना हात करते," गाईड म्हणाला. आणि खरंच, पुलाच्या मधोमध पांढऱ्या कपड्यांतली बाई हात करत उभी होती. नव्याने लग्न झालेल्या एका मुलीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. बाई जवळ आली, तिने शिट्टी वाजवली आणि पुलावर गाडी थांबवल्याबद्दल ड्रायव्हरच्या हातात दंडाची पावती ठेवली.

"हिला तर मी रोज बघतो," ड्रायव्हर म्हणाला.

तिसऱ्या थांब्यावरच्या विहिरीला लोखंडी झाकण बसवलं होतं आणि झाकणावर दोन म्हातारे पत्ते खेळत होते. गाईडने खाली उतरून हळूच विचारलं, "आजोबा, इथे काही दिसतं का हो?"

"दिसतं की. याची पानं दिसतात."

दुसऱ्या आजोबांनी घाईघाईने पानं छातीशी धरली.

आता बसमध्ये कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापिका वळून सगळ्यांना म्हणाल्या, "आपण पैसे परत मागायचे. मी बोलेन." त्या बोलणार म्हटल्यावर गाईड उठला. तो ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

"पुढे डावीकडे घे."

"डावीकडे तुझं घर आहे."

"म्हणूनच."

त्याने फोन लावला. त्याला लहानाचं मोठं काकूनेच केलं होतं, आणि आजवर ती कशाला नाही म्हणाली नव्हती. "काकू, पांढरी शाल घे, केस सोड आणि वरच्या खिडकीत उभी राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"का रे बाबा?"

"तू भूत आहेस."

"डबा खाल्लास का तू?"

"काकू, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

घरासमोर सगळे उतरले. गाईडने खालच्या आवाजात सुरुवात केली, "या घरात कुणीही राहत नाही..." तोच वरची खिडकी करकरली आणि शाल पांघरलेली, मोकळ्या केसांची आकृती दिसली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. गाईडला हायसं वाटलं. इतक्यात आकृतीने मान पुढे काढली.

"अरे, त्या मुलीला आधी सावलीत बसव! गाडी लागलीय तिला, तोंड बघ कसं झालंय!"

सगळ्यांनी नव्या नवरीकडे पाहिलं. ती खरोखरच हिरवी पडली होती.

"हे... बोलणारं भूत आहे," गाईड कसाबसा म्हणाला.

"आणि दार उघडंच आहे, ढकल! बाकीच्यांना काय उन्हात वाळत घालतोस?"

मग काय, सगळी वरात आत गेली. काकूने मुलीला आडवं केलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मुख्याध्यापिका न सांगता ओट्यापाशी गेल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. कप पुरेनात, तेव्हा वाट्या निघाल्या.

"एवढी भांडी बऱ्याच दिवसांनी निघाली हो," काकू म्हणाली.

"माझ्याकडे तर मी एकच कप बाहेर ठेवलाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि उगाचच चहा ढवळत राहिल्या.

चहा पिता पिता कुणीतरी गिरणीचा विषय काढला. काकू सांगू लागली, अगदी काकांच्या ढंगात, मध्येच थांबत, आवाज खाली नेत. गिरणी झाली, पूल झाला. विहिरीतून पहिली हाक आली तेव्हा ड्रायव्हरच्या हातातली वाटी पडली. भर दुपारी, दार उघडं असताना, सगळे एकमेकांना चिकटून बसले होते. गाईड दारात उभा राहून बघत होता. ही माणसं आता काहीही बोलली तरी आपली हरकत नाही, असं त्याला वाटलं, आणि लगेच मालक आठवले.

बस परतली तेव्हा मालक ऑफिसच्या दारातच उभे होते. "बोला, भूत दिसलं?"

गाईडने मान खाली घातली.

"दिसलं," नवी नवरी म्हणाली. "माझ्या पाठीवरून हात फिरवला त्याने."

मालक एक पायरी मागे सरकले.

"ठेंगणं होतं," तिचा नवरा म्हणाला. "केस मोकळे."

"माझं तर नाव विचारलं," ड्रायव्हर म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

शेवटी मुख्याध्यापिका उतरल्या. गाईडने डोळे मिटून घेतले.

"माझी तक्रार आहे," त्या कडाडल्या. "वेळ फार कमी दिलात. आमचं बोलणं अर्धवट राहिलं. पुढच्या रविवारी मी परत येणार आहे, तेव्हा तिथे दोन तास ठेवा. आणि जाताना साखर न्या, तिच्याकडची संपलीय."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"साखर... किती लागते त्यांना?"