तापीपर्यंत जाणारी पट्टी

बाळांनो, भर मे महिन्यात डोक्यावर लोकरीची टोपी घालणारा माणूस अख्ख्या तळोद्यात एकच: आमचे शेजारी मगनभाई. टोपी त्यांच्या थोरल्या मुलाने, किशोरने, कॅनडातून पाठवली. तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं तेव्हा अशाच टोप्या घातल्या होत्या, हे कळलं आणि ती उतरेना.

कळलं ते माझ्यामुळे. टोपीबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तकही आलं होतं. मगनभाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून रोज दुपारी चारला झोपाळ्यावर बसून मी वाचते आणि मराठीत सांगते. शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे इंग्रजांच्या सगळ्या अपराधांचा जाब मलाच द्यावा लागतो.

"बाई, तुमना इंग्रजसनी गावंच्या गावं जाळी टाकात!"

"मी तेव्हा नव्हते हो, मगनभाई."

बंड फसलं. बंदुका पुरल्या नाहीत. तरी ते प्रकरण त्यांनी मला सात वेळा वाचायला लावलं. झोपाळा हलत राहतो, ते डोळे मिटून बंडखोरांच्या बर्फातल्या गावात जातात, टोपीखालून घाम ओघळतो. "वाचा, बाई. आज जिकतीन."

त्यांना सर्वांत भावली ती जमिनीची गोष्ट. फ्रेंच लोक शेतं उभी वाटून घेत. अरुंद, लांब पट्ट्या, पण प्रत्येकीचं टोक नदीला टेकलेलं. इंग्रजांनी येऊन चौकोन आखले, आणि मागच्या शेतांची नदी तुटली.

इकडे घरातही वाटणी निघाली होती. धाकटा रमण म्हणाला, "नदीकडलं मले द्या, दादाले रोडकडलं. तो काय येस आते?"

"तू बी इंग्रजच निंघना!" मगनभाई गरजले.

गेल्या रविवारी त्यांनी स्वतः दोरी धरली आणि वावर उभं वाटलं. दोन्ही पट्ट्या थेट तापीपर्यंत. रमण तोंड फुगवून खुंट्या ठोकत होता. मी साक्षीदार म्हणून केळीतून चालत काठापर्यंत गेले. किशोरच्या पट्टीच्या टोकाशी मगनभाईंनी आधीच एक दगडी पायरी बसवून ठेवली होती, एका माणसापुरती.

पाण्यावर ऊन झुलत होतं. पलीकडचा काठ इतका धुरकट, की तो कुठल्याही देशाचा असावा. मगनभाई पायरीवर न बसता शेजारी मातीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, तठली नदी हिवाळामा गोठी जास ना?"

"हो."

"मंग मन्हा पोऱ्याले पानी कथाईन भेटस?"

अख्खं पुस्तक मी मनात पुन्हा चाळलं. पाणी कुठून मिळतं, ते त्यात नव्हतं.