बुडालेल्या गावाचे नियम

शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा राक्षस उडत असताना पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "वजन किती ह्याचं?"

नाटक थांबलं. दोरीला लटकलेला सातवीतला राक्षस घाबरत म्हणाला, "बेचाळीस किलो."

"मग एवढ्याशा पंखांवर उडंल व्हय?"

या शेंडगे बाई. इंदापूरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात, मी मराठी. माहेर-सासर दोन्ही निरवांगीचं, त्यामुळं वर्गातही बोलणं गावाकडचंच. "बसत न्हाई हे," हा त्यांचा ठरलेला शेरा. मी मुलांना कल्पनाविस्तार लिहायला दिला की माझ्याआधी बाई वह्या वाचायच्या. 'मी ढगावर झोपलो' या वाक्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'ढग म्हणजे पाण्याचे थेंब. खाली पडशील. भिजशीलही.'

मी चिडायचो. "बाई, गोष्ट आहे ती."

"आसंना. गोष्टीत काय पाणी वर चढतं?"

त्यांना पुरून उरली ती एकटी त्यांची मुलगी, तनुजा. सहावीत होती. उजनी धरणात बुडालेल्या एका गावात माणसं अजून राहतात, अशी गोष्ट ती वहीत लिहीत होती. बाईंनी शेरा मारला, 'पाण्यात चूल पेटत नाही.' तनूनं खाली उत्तर लिहिलं, 'आपल्या घरात नाही पेटत. इथे पेटते, पण ओल्या लाकडावरच. कोरडं घातलं की विझते.'

बाईंनी ते पान शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. "खोटंय, सर. पण बसतंय," म्हणाल्या आणि दिवसभर हसत राहिल्या.

त्याच वर्षी तनूला ताप आला. बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवस होती. नवव्या दिवशी गेली.

बाई महिन्यानं शाळेत आल्या. मुलांनी निबंधात काहीही उडवलं तरी बोलेनात. मधल्या सुट्टीत एकट्या लिहीत बसायच्या. तनूची अर्धी राहिलेली गोष्ट त्या पुरी करत होत्या. मधेच विचारायच्या, "सर, दिवे जमिनीत पुरल्यात म्हणती ती. मग सावली वर पडंल ना?" मी मान हलवायचो.

शेवटी एकच पान उरलं. गोष्टीतली मुलगी पाण्याखालच्या गावात पोचली होती आणि तिची आई काठावर उभी होती.

मी म्हटलं, "बाई, तिला वर आणा. आईला भेटू दे. आता गोष्ट तुमच्याच हातात आहे."

त्यांनी वही माझ्याकडं फिरवली. तनूच्या अक्षरात गावाचे नियम लिहिले होते. पहिलाच होता, 'खाली आलेला माणूस परत वर जात नाही.'

"लई शोधलं, सर," बाई म्हणाल्या. "कुठंतरी फट ठिवली आसंल म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं. न्हाई ठिवली. पक्कं काम केलंय पोरीनं."

मी विचारलं, "मग शेवट कसा करणार?"

"आई रोज काठावर येती. वरचं बोलणं खाली ऐकू जातं का, त्याचा नियम तनूनं लिहिलेला न्हाई. तितं मी माझा नियम धरला." त्यांनी वही जवळ ओढली. "पाण्यातनं आवाज हवेपेक्षा लवकर जातो, सर. पण हवेतला आवाज पाण्यावरनं माघारी फिरतो. म्हणून आई पाण्यात तोंड बुडवून हाक मारती."