भूषणपंतांनी सर्व्हरवर जासूद बसविले त्याची हकीकत

श्रीयंत्रदेवतेस दंडवत घालून लिहिले जाते ऐसे जे, भिलाई मुलखी हुडको पेठेत प्रेमानंदसाहेब यांची लोखंडी पुर्जे घडविणारी दौलत नांदत होती, आणि दौलतीचा सारा हिशेब एका सर्व्हरवर चाले, आणि तो सर्व्हर रोज मध्यान्ही मरगळे, मग बिल निघेना, ट्रक दारात खोळंबत आणि साहेबांचे मस्तक तापे. दोष सर्व्हरचे किल्लेदार भूषणपंत रिसालीकर यांचे माथी आला. हुजुरांतून फर्मान सुटले की, महिनाअखेर कारण हाती न लागल्यास किल्लेदारी दुसऱ्यास द्यावी. पंत बहुत भ्याले.

मग पंतांनी मसलत केली की, शत्रू दिसत नाही तर जासूद बसवावा. यंत्रावर भार किती, तो कोणत्या कामाचा, ही खबर आपोआप टिपणारा जासूद यंत्रातच होता, परंतु त्याचे सनदेत 'बंद' ऐसा शब्द असल्याने तो निवांत घोरत पडला होता. पंतांनी शब्द बदलून 'चालू' केला आणि दर दहा मिनिटांनी खबर टिपावी ऐसे वेळापत्रक लावून दिले. परंतु पंतांचे तीर्थरूप देवीदासजी पोलाद कारखान्यात जन्मभर पाळीवर राबलेले, आणि त्या घरात जेवणाची सुट्टी म्हणजे देवाज्ञा, म्हणून पंतांचा हात वळणाने चालला आणि जासुदासही मध्यान्ही जेवणाची सुट्टी लिहून बसला. पंतांस याची शुद्धही नव्हती.

मग आठवडाभर जासूद खबर देई की सर्वत्र आबादीआबाद आहे, आणि सर्व्हर मध्यान्ही तैसाच आडवा होई, आणि पंत थापा मारतात ऐसा हुजुरांचा ग्रह झाला. पंत घायकुतीस आले. ते समयी बिलांच्या कारभारीण भाग्यश्रीबाई यांनी पडद्यावर नजर टाकली आणि तोंडास पदर लावून हसल्या.

"दादा, एक ते दोन हा तं काईच लिहून नाई राहिला. तुमी याले बी डब्बा खायाले पाठवता का?"

पंतांनी जासुदाची सनद उघडून पाहिली, तो सुट्टी त्यांचेच हातची. त्यांनी तत्क्षणी सुट्टी रद्द केली, आणि दुसरे दिवशी आपला डबाही न उघडता पडद्यासमोर ठाण मांडून बसले, आणि शत्रू सापडला. प्रेमानंदसाहेब आपल्या दालनात पोळीभाजी खाता खाता लेकीच्या लग्नाची चित्रफीत त्याच सर्व्हरवर कापीत जोडीत होते, आणि वरातीचा नाच काही केल्या जुळत नव्हता.

पंत हुजुरात रुजू झाले आणि खबर पुढे ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली, घास गिळला आणि मग सावकाश विचारले.

"हे अजून कोणाले दाखवलं का?"

"नाई साहेब."

मग नवे फर्मान सुटले की, किल्लेदारी भूषणपंतांकडेच कायम करावी, चित्रफितीस निराळे यंत्र द्यावे, आणि मरगळीचे कारण 'उष्मा' ऐसे दप्तरी दाखल करावे. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पंतांस मोठा हर्ष झाला आणि त्या हर्षाची थोडी लाजही वाटली.

सायंकाळी रिसालीस घरी पोहोचून त्यांनी कबिला नीतूबाई यांस वर्तमान सांगितले की नोकरी राहिली. बाईंचे डोळे भरून आले, आणि मग त्यांनी विचारले, "पण होतं तरी कोण ते?"

"ऊन," पंत म्हणाले.

पौष मास होता. बाईंनी अंगावरची शाल घट्ट ओढली.