शिंप्याने शिवलेला तंबू

कुठल्याशा एका गावात, शिलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एक शिंपी, त्याची नर्स बायको आणि त्यांची चिमणी नावाची बडबडी मुलगी राहत होती. त्या तिघांच्या सुखी संसारात मधेमधे लुडबुडणारी एक म्हातारीही होती. शिंप्याची आई. म्हणजे मीच.

सुनेला कित्येक वर्षांनी सलग रजा मिळाली. सगळ्यांनी परदेशी जायचं ठरलं. तिकडे म्हणे झाडीत, तळ्याकाठी कुटुंबांसाठी मोठाले पार्क असतात. तिथेच राहायचं, मुलांनी पोहायचं, मोठ्यांनी लोळायचं. इथवर एकमत होतं. भांडण लागलं ते झोपायचं कुठे यावर.

"तंबूत!" मुलगा म्हणाला. "रानात जाऊन घरात झोपायचं तर इथलं घर काय वाईट आहे?"

"अहो, तिथे लाकडी घरं मिळतात. खाटा, गरम पाणी, सगळं," सून म्हणाली. "आईंना खाट नसेल तर मी येणार नाही. तुम्ही दोघं जा."

झालं का! माझ्या गुडघ्यांपायी बिचारीची रजा घरात जाणार. दिवसभर दवाखान्यात उभी असते पोर. मी छाती काढून म्हटलं, "मला काय झालंय? माझा जन्म जमिनीवर झोपण्यात गेला. तंबू चालेल मला." (जमिनीवर झोपता मला आजही येतं. प्रश्न फक्त उठायचा असतो.)

सुनेचा विश्वास बसेना. "आधी इथे घरातच तंबूत झोपून दाखवा," ती म्हणाली आणि कामाला गेली.

आता साधी माणसं काय करतील? बाजारातून तंबू आणतील. पण शिंप्याच्या घरात तयार माल? "आई, दुसऱ्याच्या मापाचा तंबू आपण का घालायचा?" असं म्हणून त्याने मला खाटेवर आडवं करून टेप लावली. उजव्या कुशीवरचं माप, डाव्या कुशीवरचं माप. वर चार बोटं माया सोडली. खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली, तिच्यावर कापड टाकलं, खाली जाड कापडाची जमीन जोडली. दार म्हणून एक बाजू उघडी होती. तिला चेन लावायची होती.

"आधी कच्ची टीप घालून बाजू जुळवू, मग चेन," तो म्हणाला. "आई, तू आत येऊन कापड ताणून धर."

मी आत रांगले. तोही हातमशीन घेऊन आत आला. कारण शिंपी शिवतो ते उलट्या बाजूनेच, आतून! हाताला वळणच तसं. घर्र घर्र घर्र, अशी सुरेख टीप घातली की काय सांगू. मी कौतुकाने पाहतच राहिले.

मग तो म्हणाला, "आई, कात्री दे."

"कात्री टेबलावर आहे."

"टेबल कुठे आहे?"

"बाहेर."

आम्ही मायलेकांनी आतून शिवून टाकलेल्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात चिमणी शाळेतून आली.

"आजी, तुम्ही पिशवीत का बसलाय?"

"चिमणे, ती कात्री आण बघू!"

"बाबा, तुम्हीच सांगितलंय, कापडाच्या कात्रीला हात लावायचा नाही."

"आज लाव!"

"आईला विचारून लावते." आणि पाय हलवत खुर्चीवर बसली. (एवढी आज्ञाधारक ती जन्मात त्याच दिवशी झाली.)

म्हटलं, आपणच उभं राहून बघावं. आधाराला दोरी धरली. दोरी सुटली, तंबू अंगावर आला, आणि माझा गुडघा जो अडकला तो अडकलाच. सून आली तेव्हा खोलीभर कापडाचा ढीग होता आणि त्यात दोन डोकी वळवळत होती.

तिने आधी कात्री चालवली. मग दवाखान्यात उचलतात तसं काखेत हात घालून मला उठवलं. मी कळवळले, ते मुलाने पाहिलं.

"आई, तुला जमिनीवरून उठता येत नाही?"

"येतं रे. कोणी उठवलं की येतं."

तो टेप गुंडाळायला लागला. मग बायकोला म्हणाला, "दाखव तुझी ती घरं."

तिने फोनवर दाखवली. चाकांवरचं घर होतं, खाटा घातलेला भला मोठा तंबूही होता. ("शिलाई कच्ची आहे," मुलगा म्हणालाच.) शेवटी बिनपायऱ्यांचं लाकडी घर ठरलं. न्हाणीत धरायला दांडे आणि ओट्यावर बसून चिमणीचं पोहणं दिसेल असं.

आणि आम्ही चौघं गेलो! सून दुपारपर्यंत झोपायची. तिला इतकं शांत झोपलेलं मी प्रथमच पाहिलं. मुलगा तिला चहा करून द्यायचा. देवाने आणखी काय द्यायचं असतं?

माझीही बडदास्त होती. रोज सकाळी एक छोटी गाडी यायची. गाडीवाला हसून मला शेजारी बसवायचा आणि सगळा पार्क फिरवून आणायचा. घराघरातून लोक बाहेर येऊन हात करायचे. मीही महाराणीसारखा हात हलवायची. एकदा दुपारी सुनेला म्हटलं, "माणसं किती प्रेमळ गं! मला पाहायला दारात येतात."

"आई," सून हसू दाबत म्हणाली, "ती मळक्या चादरी गोळा करायची गाडी आहे. लोक ती थांबवायला हात करतात."