चतुर्दशीची खीर

माझा वाढदिवस बारा तारखेला असतो आणि उत्पला मेश्राम मला शुभेच्छा द्यायला दहा तारखेला येते. चुकून नाही. तारीख तिला पाठ आहे. "काका, बाराला सगळेच देतात. कोणी दिल्या तेही तुमच्या लक्षात राहत नाही. माझं झालं ना एक काम!" असं म्हणून ती अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबते. मग बारा तारखेला सगळं जग माझी आठवण काढत असताना ही बाई लिफ्टमध्ये शेजारी उभी राहते आणि चकार शब्द काढत नाही. तिच्या लेखी मी एक वर्षाने म्हातारा होऊन गेलेला असतो. विषय संपला.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत मेश्रामांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. मेश्रामसाहेब मूळचे भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर. वहिनी इथल्या शाळेत गणित शिकवतात. दिल्लीकडे सगळं आयुष्य गेलं तरी वहिनींचं 'हाव' आणि 'बाप्पा' सुटलेलं नाही, आणि इथेच जन्मलेल्या उत्पलाच्या मराठीत 'यार' आणि 'बिल्कुल' मुक्कामाला आले आहेत.

"जन्मच आठव्या महिन्यातला इचा," वहिनी सांगतात. "डॉक्टर जेवाले गेला होता. पण इले कुठं दम, बाप्पा!"

दम तो तिला पुढेही कधी निघाला नाही. आमच्या सोसायटीत रजया उन्हात पडायला लागल्या की थंडी आली असं समजतात. उत्पलाची रजई गच्चीत पडते तेव्हा आम्ही अजून घामाघूम असतो. कूलरची खस ती हिवाळा पुरता ओसरायच्या आत बदलते. मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी दोन स्टेशनं आधी उठून दाराशी जाऊन उभी राहते आणि दिल्लीचे लोक तिला विचारतात, "मैडम, अगला उतरना है?" ही म्हणते, "नहीं, उसके बाद वाला." लोकांना वाटतं, मुलगी इथली नाही. कादंबरीचं शेवटचं पान ती आधी वाचते. "मग बाकीची वाचून काय उपयोग?" मी एकदा विचारलं. "बाकीची आरामात वाचता येते ना काका. काय होणार याचं टेन्शन नाही."

मी स्वतः आजचं काम उद्यावर आणि उद्याचं बायकोवर ढकलणारा माणूस. त्यामुळे या पोरीची मला गंमतही वाटे आणि थोडी धडकीही भरे. एकदा दुपारी भूकंपाचा धक्का बसला. पंखे हलले, भांडी वाजली, आम्ही जिना उतरून धापा टाकत खाली आलो, तर उत्पला पार्किंगमध्ये आधीच उभी! ती खरं तर कोथिंबीर आणायला गेली होती. पण तेव्हापासून सोसायटीतल्या काही बायका ती जिन्यावरून खाली जाताना दिसली की आपापला गॅस बंद करून ठेवतात.

आणि खीर. बुद्धपौर्णिमेला मेश्रामांकडे खीर होते आणि वाटी आमच्याकडे येते. वाटी आणण्याचं काम उत्पलाकडे आल्यापासून ती चतुर्दशीलाच यायला लागली. आईच्या मागे लागून ही एक छोटं पातेलं आदल्या दिवशीच करून घेते. "पौर्णिमेला तुमच्याकडे भलतंच काही गोड केलेलं असलं तर? आजच खा." आम्ही काय, दोन्ही दिवस खातो.

दिल्लीतल्या एका कॉलेजात तिने सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. रोजचं फरीदाबादहून जाणं-येणं नको म्हणून मुनिरकात दोन मैत्रिणींबरोबर खोली केली. शनिवारी घरी येते म्हणायची आणि शुक्रवारी संध्याकाळी येऊन दार वाजवायची. वहिनींनी शुक्रवारीच शनिवारची भाजी आणायला सुरुवात केली.

तिसऱ्या वर्षाला असताना एकदा ती उड्या मारतच आमच्याकडे आली. तिच्या कॉलेजात म्हणे अशी सोय होती की, ज्यांचे मार्क चांगले त्यांनी बी.टेक. करता करताच एम.टेक.चे काही विषय घ्यायचे. पास झालं की त्यांचे क्रेडिट जमा राहतात. मग एम.टेक. दोन वर्षांऐवजी एका वर्षात संपतं.

"म्हणजे लग्नाआधीच बारसं?" मी म्हटलं.

"बारसं नाही हो काका! पाळणा आणून ठेवायचा फक्त. झालं ना एक काम!"

जगातल्या कुठल्या तरी शिक्षणतज्ज्ञाने ही सोय डोळ्यांसमोर उत्पलालाच ठेवून काढली असणार, याविषयी मला शंका उरली नाही. एम.टेक.च्या वर्गात सगळे तिच्याहून मोठे, काही तर नोकरी सोडून आलेले, एक तर दोन लेकरांचा बाप. "ये बच्ची कौन है?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. महिनाभरात बच्ची त्यांना भूकंपात इमारत कशी डोलते ते समजावून सांगत होती, आणि सर फळ्याकडे वळले की पुढचं समीकरण हिच्या तोंडून आधी येत होतं. सर म्हणाले, "मेश्राम, मुझे भी कुछ पढ़ाने दो."

या सगळ्यात मेश्रामसाहेब फार बोलत नसत. ते मुळातच मोजकं बोलणारे. संध्याकाळी आम्ही दोघं सोसायटीच्या बागेभोवती चकरा मारतो. एकदा चालताना त्यांनी आपणहून सांगितलं, "पाटणकर, नागपूरला माझंही एम.टेक.ला नाव लागलं होतं. तेवढ्यात नोकरीचं आलं. घरात धाकटी भावंडं शिकत होती. गेलो रुजू व्हायला. पदवीदानाचा तो गाऊन तेवढा राहिला." एवढं बोलून ते बाजूच्या कुंडीला अडखळले आणि कुंडी मध्ये ठेवणाऱ्या माळ्यावर चिडले. कुंडी कित्येक वर्षं तिथेच होती.

त्या दिवसांत आणखीही एक गोष्ट होत होती. मी बाजूने हात केला तर साहेब ओळख देत नसत. समोरून गेलो की मात्र हसून "जय भीम, पाटणकर!" म्हणायचे. मला वाटलं, बढतीची बातमी असेल, माणूस विचारात आहे.

शेवटचं वर्ष संपत आलं. आणि या वर्षी चतुर्दशीला खीर आली नाही.

संध्याकाळपर्यंत मी दोनदा दार उघडून पाहिलं. बायको म्हणाली, "पौर्णिमा उद्या आहे. खीर उद्याच येणार ना?" दुसऱ्या दिवशी, भर पौर्णिमेला, सगळ्या जगाच्या वेळेला, उत्पला वाटी घेऊन आली. वाटी टेबलावर ठेवली आणि निघाली. 'झालं ना एक काम' नाही, काही नाही. मी बायकोला म्हटलं, "काहीतरी जबरदस्त बिनसलंय."

खाली जाऊन बघतो तर ती बागेतल्या बाकावर बसलेली. मी शेजारी जाऊन बसलो. ती आपण होऊन बोलायला लागली.

झालं होतं असं की, एम.टेक.चे विषय बी.टेक.च्या विषयांवर जादा म्हणून घ्यायचे असतात. घाईघाईत हिने ते जादा न घेता बदली घेतले. शेवटच्या वर्षाला बी.टेक.चे जे ऐच्छिक विषय घ्यायचे, ते सगळे सोडून त्यांच्या जागी एम.टेक.चेच. तिला वाटलं, दोन्हीकडे धरतील. परीक्षा विभागातल्या बाबूने सांगितलं, "बेटा, एक टिकट पे दो सवारी नहीं बैठती." आता ते विषय बी.टेक.मध्येच धरले जाणार. पदवी वेळेवर मिळेल, पण एम.टेक.ला शून्यापासून सुरुवात. पुरती दोन वर्षं. किंवा मग बी.टेक.चे राहिलेले विषय करत आणखी एक वर्ष तिथेच थांबायचं. कसंही केलं तरी वाचवलेलं वर्ष गेलंच.

"सगळे विद्यार्थी नियम वाचतात, काका. मी पुढचं पान वाचत होते."

"अगं, मग काय झालं?" मी म्हटलं. "दोन वर्षं तर दोन वर्षं. तुझ्या वयाची पोरं अजून कोचिंग क्लासला जातात. एवढी कसली घाई आहे?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बाबांना काचबिंदू आहे. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. साहेबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंचं दिसणं कधीच गेलेलं, फक्त समोरचं, मधलं तेवढं उरलेलं. औषधाचे थेंब चालू आहेत, पण गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टर सांगत नाहीत. कदाचित खूप वर्षं. कदाचित नाही. मला ती कुंडी आठवली, न दिलेली ओळख आठवली.

"बाबा माझ्याकडे कधी काही मागत नाहीत," ती म्हणाली. "फक्त एकदा म्हणाले होते, तुझा एम.टेक.चा गाऊन बघायचाय. बघायचाय म्हणाले काका, घे असं नाही म्हणाले." आणि मग जन्मात कधी एका जागी दहा मिनिटं न बसलेली ती पोर तोंडावर ओढणी धरून रडत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो.

वहिनींना हे सगळं ठाऊक होतं. वरवर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढचं पाठ, मागचं सपाट. लहानपणापासून असंच आहे इचं." पण म्हणताना त्यांनी तोंड ओट्याकडे वळवलं.

पुढचा आठवडा उत्पला अगदी शहाण्यासारखी वागली. शनिवारी येते म्हणाली आणि शनिवारीच आली. ते बघवत नव्हतं.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तिने आमची बेल वाजवली. डोळ्यांत जुनी चमक, हातात मोठी पिशवी. मुनिरकात तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका सिनिअर मुलीचं एम.टेक. झालं होतं. तिचा गाऊन हिने टोपीसकट मागून आणला होता. पट्टा एम.टेक.चाच, रंग बघून घ्या म्हणाली.

"काका, तुम्ही प्रमुख पाहुणे. चांगला शर्ट घाला."

"अगं, अजून तुझं एम.टेक. सुरूही झालेलं नाही!"

"सुरू नंतर होईल. पदवीदान आज आहे."

मी बिनबोभाट इस्त्रीचा शर्ट चढवला. पदवीची गुंडाळी म्हणून बायकोने भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर दिलं. उत्पला मेश्रामने मागच्या वर्षाची वस्तू हातात धरण्याची ही पहिलीच खेप. ठरल्याप्रमाणे वहिनींनी साहेबांना फिरायला म्हणून खाली आणलं आणि बागेच्या मधल्या वाटेच्या टोकाशी असलेल्या बाकावर बसवलं. उजेड त्यांच्या पाठीमागून येईल आणि समोरची वाट लख्ख दिसेल, असा बाक तिने आदल्या दिवशीच हेरून ठेवला होता.

मी घसा साफ करून मोठ्याने म्हटलं, "उत्पला मेश्राम, एम.टेक., सिव्हिल!" गेटवरच्या गार्डने काही न कळता टाळ्या वाजवल्या.

वाटेच्या दुसऱ्या टोकाकडून ती निघाली. मी त्या मुलीला चालताना कधी पाहिलंच नव्हतं, कायम पळताना पाहिलं होतं. त्या दिवशी ती चालली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वाटेच्या बरोबर मधून, वडिलांच्या उरलेल्या नजरेतून बाहेर पडणार नाही अशी. मे महिन्यात तो जाडजूड काळा गाऊन, कपाळावर घाम. माझ्यापाशी थांबली, वाकून कॅलेंडर घेतलं आणि साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

साहेब कितीतरी वेळ बघत राहिले. डोक्यावरच्या टोपीपासून पायांतल्या चपलांपर्यंत, नजर थोडी थोडी खाली सरकवत, सगळं बघितलं. वहिनी पदराने डोळे टिपत होत्या. मलाही नीट दिसेना.

"डाव्या बाहीची शिवण उसवलीय," साहेब म्हणाले. "परत देण्याआधी टाके घालून दे."

उत्पलाने बाही वर करून पाहिली. खरंच उसवलेली होती. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

"दिसलं, बाबा?"

"दिसलं." त्यांनी हात पुढे करून गाऊनचं कापड चिमटीत धरलं. "आता दोन वर्षं सावकाश शीक. माझं बघून झालंय."

ती त्यांच्या शेजारी टेकली. ऊन चढत होतं, गाऊनमधून तिला घामाच्या धारा लागल्या होत्या. आता मुख्य समारंभ उरकला, तेव्हा नेहमीप्रमाणे ती टुणकन उठून पळेल म्हणून मी बाजूला सरकून वाट करून दिली. "काढ तो गाऊन," मी म्हटलं, "उकडून निघशील. चल वर."

"थांबा ना काका," उत्पला म्हणाली. आणि वडिलांच्या खांद्याला डोकं टेकवून बसून राहिली.