चष्म्याच्या दुकानाचं पत्रक

मामांनी नोकरी सोडून चष्म्याचं दुकान काढलं. सगळी पुंजी काचांत आणि फ्रेमांत गेली. जाहिरातीला जे उरलं, त्यात एकदाच पत्रकं छापून होणार होती. रविवारी उद्घाटन होतं आणि गल्लीत अजून कुणाला दुकानाचा पत्ता नव्हता. हे काम मामांनी भाच्यावर सोपवलं. तो नुकताच भौतिकशास्त्राचा पदवीधर झाला होता. घरात त्याला 'शास्त्रज्ञ' म्हणत, तोवर तरी कौतुकाने.

शास्त्रज्ञाने वेळापत्रक शेवटाकडून मागे आखलं. शनिवारी वर्तमानपत्रांतून वाटप, त्याआधी कापणी, त्याआधी छपाई. खर्चाचा आलेख काढल्यावर त्याला दिसलं, की पत्रकाचा आकार निम्मा केला तर त्याच पैशांत दुप्पट पत्रकं निघतात. मजकूर मात्र मामांना सगळा हवा होता.

"नंबर तपासणी फुकट, हे पाहिजेच. काचांची हमीही राहू दे. आणि माझा अनुभव."

"सगळं बसवतो, मामा."

छापखानेवाला जुना माणूस होता. "कागदावर नमुना काढून देतो. एक दिवस जाईल, पण बघून घ्या. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नका."

"एक दिवस वेळापत्रकात नाही. मी संगणकावर तपासलंय, एकही चूक नाही."

खरोखरच नव्हती. पडद्यावर त्याने प्रत्येक अक्षर वाटाण्याएवढं करून पाहिलं होतं.

शनिवारी पत्रकं घरोघर गेली आणि उरलेला गठ्ठा दुकानात आला. मामींनी एक उचललं.

"छान आहे रे. कडेची ही बारीक नक्षी तर फारच."

"मामी, तो मजकूर आहे."

मामांनी पत्रक नाकाजवळ नेलं, मग लांब धरलं. हात संपला, पण अक्षरं लागेनात.

"ज्यांना दिसत नाही त्यांनी वाचायचं," ते शांतपणे म्हणाले, "आणि तेही चष्मा घ्यायच्या आधी. बरोबर ना, शास्त्रज्ञ?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी भाचा आतल्या बाजूला रिकाम्या खोक्यांमागे तोंड लपवून बसला. बाहेर पहिले आले ते एक आजोबा, हातात पत्रक फडकवत.

"काय छापलंय हे? बिघाड माझ्या डोळ्यांत आहे, की तुमच्या कागदात?"

मामा क्षणभर घुटमळले. "आत्ता कळेल. बसा या खुर्चीवर."

आजोबांचा नंबर चांगलाच वाढला होता. नव्या भिंगांतून त्यांनी पत्रक वाचलं. "'नंबर तपासणी फुकट.' अहो, मग हे मोठ्या अक्षरांत सांगायचं की." तोवर मागे एक बाई तेच पत्रक डोळ्यांना चिकटवून उभी होती. दुपारपर्यंत बाकावर जागा उरली नाही.

"नामी युक्ती आहे. कुणाची?" रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं.

मामांनी भाच्याला दंड धरून खोक्यांमागून बाहेर काढलं. "याची. शास्त्र शिकलाय."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच भाच्याचे कान जास्त तापले. "नाही हो, ती माझी चूक..."

"वर विनयही आहे," गृहस्थ म्हणाले आणि त्याला बाजूला घेऊन गेले. "माझं मागच्या गल्लीत कानाच्या यंत्रांचं दुकान आहे. उद्यापासून गाडीवर भोंगा लावून जाहिरात फिरवतोय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, आवाज किती हळू ठेवू?"